चिंबोरीचं नाक

दुसऱ्या ओहळातून गाडी वर आली, पुढचं चाक कोरड्या वाळूला लागलं, पुष्पलतेने हँडलची मूठ पिळली, मागे काळा धूर सुटला आणि तिला वाटलं की आज तरी ही बया रस्त्यापर्यंत

बंद.

मग नेहमीचं. आधी शांतता. मग त्या शांततेत समुद्र ऐकू येतो, जो इतका वेळ तिथेच होता. मग रत्नाबाई.

“मेली का गो?”

“मेली नाय. दमली.”

“मागं ना पाटी ना मासळी. तू नि तुजा सासरा, तेवढ्यानं दमली? माजी पापलेटं चढवली तर जागेवर बाळंत व्हईल.”

ओहोटीच्या वाळूवरून चाललेल्या बायका थांबल्या आणि मान न हलवता हसल्या. डोक्यावर भरली पाटी असली की हसायचं ते फक्त पोटाने. मानेला त्याची खबर लागू द्यायची नाही. पुष्पलतेने ते हसणं वर्षानुवर्षं हसलं होतं. म्हणून तिलाही हसू आलं.

खाली उतरून तिने हँडल धरलं. मागून सासरा जिवल्या ढकलू लागला.

“अंगणात गेली की चालंल बग,” तो म्हणाला.

तेच तर दुखणं होतं. अंगणात ती चालायचीच.

*

थोडं मागे जायला हवं.

एडवणचा समुद्र ओहोटीला मागे जातो तो रुसल्यासारखा लांब जातो. होड्या तिकडे उथळ पाण्यात उभ्या राहतात आणि तिथपासून रस्त्यापर्यंतची वाळू बायकांनी डोक्यावर पाटी घेऊन तुडवायची. मध्ये पाण्याचे दोन ओहळ, घोट्यापासून मांडीपर्यंत, त्या दिवशी समुद्राच्या मनात असेल तितके. लग्न होऊन आली तेव्हा पुष्पलतेला सासूकडून तीन गोष्टी मिळाल्या: पाटी, पाटीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ, आणि सफाळ्याच्या मासळीबाजारातली जागा.

दिवाळीनंतर एका सकाळी तिने पाटी उतरवली आणि डाव्या हाताला मुंग्या आल्या. त्या गेल्याच नाहीत. पालघरच्या डॉक्टरने मानेचा फोटो काढला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ तिच्या मणक्यांकडे पाहत राहिला.

“डोक्यावर ओझं बंद,” तो म्हणाला.

“थोडं पण नाय?”

“हंडासुद्धा नाही.”

“मग मी करू काय?”

“आराम करा.”

माणसं कोणत्या कोणत्या शब्दाला रडतात. पुष्पलता त्या शब्दाला रडली.

बाजारातल्या जागेवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. बसेल त्याची जागा. बाई आजारी पडली की शेजारीण तिच्या जागेवर एक रिकामी पाटी पालथी घालून ठेवते. त्याचा अर्थ, मालकीण यायची आहे. रत्नाबाईने ती पाटी घातली होती. तोंडाने कुऱ्हाड, पण पाटी रोज न चुकता घालायची. मग तिच्या मुलाचं लग्न झालं, उषा नावाची सून आली, आणि सुनेला बसायला जागा लागली.

“पौषाच्या पुनवेपर्यंत तुजी वाट बगीन,” रत्नाबाई घरी येऊन म्हणाली. “पुनवेला तू तुज्या मासळीबरोबर बाजारात आलीस तर जागा तुजी. नाय आलीस तर पाटी सुलटी करून उषाला बसवीन. राग धरू नको बाय.”

पुष्पलतेने राग धरला नाही. तिनेही हेच केलं असतं.

*

गाडी केली ती नवऱ्याने, शांतारामने.

शांताराम बोईसरच्या एका कारखान्यात फिटर. मासेमाराच्या घरात जन्मून होडीत बसला की ओकणारा. जिवल्याने आयुष्यभर होड्या बांधल्या, अर्ध्या किनाऱ्याच्या होड्यांना त्याचा हात लागलेला, आणि पोटचा पोर वल्ह्याकडे बघूनच पिवळा पडायचा. बापलेकांत भांडण कधी झालं नाही. भांडायलाही काहीतरी सारखं लागतं.

शांतारामने भंगारात पडलेली एक रिक्षा आणली. वरचं सगळं कापून टाकलं. जीपची जुनी रुंद टायरं बसवली, म्हणजे वाळूत रुतायला नको. मागे पाट्या ठेवायला फळ्यांचा पाट केला. इंजिन चालवणाऱ्याच्या बैठकीखाली. रुंद, बुटकी, आणि वाळूवर सुटली की जराशी तिरकी जाणारी. गावाने बघताक्षणी खेकड्याचं नाव ठेवलं, चिंबोरी. पुष्पलता चालवायला शिकली तेव्हा पोरं मागे धावली, म्हातारे ओट्यावरून उठले. सत्त्याऐंशी साली एडवणमध्ये बाई हँडलवर बसणं ही काही छोटी करमणूक नव्हती.

पहिल्याच फेरीला ओहळात पाणी उडालं आणि इंजिनात शिरलं.

त्या संध्याकाळी शांताराम बापाला समजावत होता. “बाबा, इंजिनला पेट्रोल लागतं, तसा वारा लागतो. दोनी मिळून पेटतं. हे बगा, हितून वारा ओढतं ते. हितूनच पाणी गेलं. हे तोंड वर न्यायला लागंल, खांद्याच्या पण वर. पत्र्याचं नळकांडं करतो.”

“पत्रा खाऱ्या वाऱ्यात सडंल,” जिवल्या म्हणाला. “साग हाय माज्याकडं. चार फळ्यांचं करतो. आत पाणी नको जायला, एवढंच ना? होडीसारखं?”

“होडीसारखं. तसंच.”

किती वर्षांनी दोघांचं एका वस्तूवर एकमत झालं होतं. त्या आनंदात कोणी ‘तसंच’ या शब्दाकडे वळून पाहिलं नाही.

शांताराम पाळीला गेला की जिवल्या अंगणात बसून फळ्या तासायचा. एकदा त्याने आत हाक मारली, “सूनबाई, ती फाटकी उशी हाय का गो? कापूस लागतोय.” तिने दिली. वातींना हवा असेल, असं तिला वाटलं. किंवा काहीच वाटलं नाही. चार फळ्यांचं, आत जेमतेम मूठ जाईल असं नाक तयार झालं. तळाला ते वाकून इंजिनाच्या रबरी तोंडात बसायचं, वर गाडी चालवणाऱ्याच्या डाव्या खांद्याला लागून उभं राहायचं, आणि माथ्यावर पाणी पडू नये म्हणून छपरासारखी उतरती फळी. बाहेरून राळ फासून काळं चकचकीत केलेलं. नवी होडी बघावी तसं शांताराम त्याच्याकडे बघत राहिला.

“चिंबोरीला कुटं नाक असतं?” रत्नाबाईने विचारलं.

“माज्या चिंबोरीला असतं,” पुष्पलता म्हणाली.

*

नाक बसवलं, आणि गाडी अंगणात वाघासारखी गुरगुरली.

वाळूवर नेली. पहिला ओहळ, दुसरा ओहळ,

बंद.

आणली घरी ढकलत. दुपारी अंगणात किक मारली. पहिल्या किकेला सुरू.

परत वाळूवर.

बंद.

गावात ज्याला तोंड होतं त्याच्याकडे निदान होतं. खारा वारा बाधला. पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. दक्षिणेकडे तोंड करून पहिली किक मारली होती, त्याचं फळ. रत्नाबाई म्हणाली, “इंजिन शांतारामाचं हाय. समुद्र दिसला की त्याला मळमळतं.” यावर शांतारामसुद्धा हसला. पण रोज पाळीवरून आल्यावर तो कार्बोरेटर खोलून फडक्यावर मांडायचा, फुंकायचा, पुसायचा, जोडायचा, आणि त्याच्या फुंकण्यात हळूहळू जोर कमी होत चालला होता.

एका रविवारी त्याने बोईसरहून बन्सीला आणलं. बन्सी गॅरेजवाला, उत्तरेकडचा, बोलणं अर्धं हिंदी आणि अर्धं मराठी. त्याने प्लग काढला. काजळीने काळाकुट्ट.

“भाभी, इसको हवा नाय मिळत. पेट्रोल जास्ती, हवा कम. दमा हुआ है इसको.”

“मग हे नाक?”

बन्सीने नाकाचं छप्पर सरकवून वरून आत पाहिलं. स्वच्छ. खाली वाकणापर्यंत सगळं दिसत होतं. शांतारामने नाक काढून गाडी चालवली, मग लावून चालवली. अंगणात दोन्ही वेळा आवाज एकच. नाक निर्दोष सुटलं. जिवल्या ओट्यावर बसून होता. त्याने पाठ जरा ताठ केली. त्यानंतर नाकावर संशय घेणं म्हणजे म्हाताऱ्यावर घेणं झालं असतं.

बन्सीने हवेचा स्क्रू फिरवला, पेट्रोल सोडणारा जेट साफ केला, नवा प्लग घातला. वाळूवर गेली. बंद. बन्सीने समुद्राकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग जेवायला काय आहे विचारलं. बोंबलाचं कालवण तीनदा वाढून घेतलं आणि सगळ्यांचा निरोप घेताना तो पुष्पलतेला म्हणाला, “भाभी, गाडी पास है. ये जो समंदर है ना, वो फेल है.”

पुनव दुसऱ्या दिवसावर आली.

शांतारामला रात्रपाळी होती. निघताना तो दारात रेंगाळला. सायकलची घंटी उगाच बोटाने फिरवत राहिला.

“कारखान्यात पॅकिंगला बायका घेतायत,” तो म्हणाला. “बसून काम. सावलीत.”

“हाताला मासळीचा वास नसंल?”

“नसंल.”

“मग रातच्याला घरी आल्यावर मला कसं कळंल, आज मी काम केलं ते?”

त्याने घंटी सोडली. “उद्या जाऊ नको वाळूवर,” तो म्हणाला. “पुनवेची ओहोटी हाय, होड्या लई लांब थांबतील. भरती मागून येते तेवा ओहळ आधी भरतात. मधे अडकशील.”

“जाणार,” ती म्हणाली.

“मग पान्हा घे बैठकीखाली. प्लगचा.” एवढं बोलून तो गेला. वळणावर एकदा मागे पाहून पुन्हा म्हणाला, “दोन नंबरचा.”

*

पुनवेची पहाट. चंद्र अजून समुद्रावर, सूर्य अजून डोंगराआड. पाणी इतकं मागे गेलं होतं की होड्या चित्रातल्या वाटत होत्या.

चिंबोरी रिकामी होती, कोरडी होती, आणि गुणी पोरीसारखी होड्यांपर्यंत गेली. जाताना ओहळ आटलेलेच होते. बायका आधीच पोचलेल्या. पुष्पलतेची मासळी तिच्या चुलतदिराच्या होडीत होती. मांदेली, करंदी आणि पाटीभर बोंबील. ती चढवली. मग जो तो दुसरीकडे बघत होता.

रत्नाबाईने आपली पापलेटांची पाटी उचलून धपकन मागच्या पाटावर ठेवली.

“काय बगताय गो? शेवटचा दिस हाय तिचा. मेली तर सगळ्या मिळून उचलू, जगली तर आपली मान वाचंल.”

मग इतरही पाट्या आल्या. मागे जागा उरली तिथे जिवल्या बसला, पाट्यांना हात लावून, सुकाणूवर बसावं तसा. किक. सुरू. बायका मोकळ्या डोक्याने शेजारून चालू लागल्या आणि त्यांना ते विचित्र वाटत होतं. हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

पहिला ओहळ. जाताना आटलेला, आता भरू लागलेला. पाणी उडालं, फळ्यांवर, बायकांवर, नाकावर. पार झाला.

ओझं जास्त म्हणून पुष्पलतेने रेस वाढवली. मान सकाळपासून धरली होती. ती डावीकडे कलली, इतकी की गाल नाकाच्या फळीला टेकला. आणि म्हणून तिला ऐकू आलं.

सूं.

नाकातून वारा आत जात होता त्याचा आवाज. हा रोजच होत असणार. रोज तिचा कान खाली इंजिनाकडे लागलेला असायचा. सूं. मग जरा बारीक. मग आणखी बारीक, चिरका, सर्दी झालेलं पोर एका नाकपुडीने श्वास ओढतं तसा. इंजिन अजून ठीक होतं. धूर आता कुठे काळा होत होता. सुई जावी इतका तो आवाज बारीक झाला, तुटला, आणि त्याच्यानंतर, त्याच्यानंतर इंजिन

बंद.

मागे पहिला ओहळ भरत होता, पुढे दुसरा भरत होता, मध्ये वाळूचा पट्टा, आणि त्यावर सगळ्या गावाची मासळी.

“उतरवा पाट्या,” कोणीतरी हळूच म्हणालं.

“थांबा,” पुष्पलता म्हणाली.

आधी श्वास गेला होता, मग जीव. ती हे मनात पुन्हा एकदा म्हणाली. इतके दिवस सगळे जीवाकडे बघत होते. तिने नाकाला बांधलेली तार सोडली.

“काय करतेस?” जिवल्या मागून ओरडला. “नाक काढू नको गो! फुडं पाणी हाय!”

“बाबा, एकदाच.”

तिने दोन्ही हातांनी नाक धरलं आणि हिसडा देऊन रबरातून उपटलं. पान्ह्याने प्लग काढला, काळा, ओला. चुंबळीने तो खसखसून पुसला. सासूच्या डोक्यावरून तिच्या डोक्यावर आलेली चुंबळ, आज काजळी पुसत होती. प्लग लावला. किक. काही नाही. किक. खोकला. किक, आणि इंजिन असं फुटलं की जवळ उभी असलेली उषा दचकून सासूला बिलगली. पुष्पलतेने मूठ पिळली. धूर काळा, मग राखाडी, मग दिसेनासा. मोकळा, गोल आवाज, वाळूवर कधीच न ऐकलेला.

“म्हंजे इंजिन चांगलं हाय,” रत्नाबाई म्हणाली. एवढंच. टोमणा नाही.

पुष्पलतेने गाडी तशीच सुरू ठेवली आणि हातातल्या नाकाच्या तळाकडून, जिकडून आजवर कोणी पाहिलं नव्हतं तिकडून, आत पाहिलं.

दाढी होती.

वाकणापाशी, चारी सांध्यांतून खाली लोंबणारी, ओली, पांढरी, टपटप पाणी गाळणारी दाढी. तिने दोन बोटं घालून ओढली. आली. आणखी ओढली. हातभर कापसाचा पीळ बाहेर आला, फुगलेला, जड. त्याच्या मागून दुसरा. तिला तो कापूस ओळखू आला. फाटक्या उशीतला.

तिने मान वळवता येईना म्हणून सगळं अंगच वळवून सासऱ्याकडे पाहिलं.

होडीच्या दोन फळ्यांमध्ये फट राहतेच. त्या फटीत कापसाचा पीळ ठोकून बसवायचा. होडी पाण्यात गेली की कापूस पाणी पितो, फुगतो, फट घट्ट बंद. हे जिवल्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं, आणि हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कालवणात मीठ घातलं हे कोण सांगत बसतं? फळ्या होत्या, सांधे होते, कापूस ठोकला. नाकाच्या फळ्या पातळ, म्हणून पीळ आरपार जाऊन आत लोंबले. कोरडे असले की भिंतीला चिकटून गप्प. पाणी उडालं की फुगायचे, जड होऊन सुटायचे, आणि इंजिनाच्या ओढीने वाकणावर जमा होऊन बूच बसवायचे. दुपारच्या उन्हात वाळून पुन्हा भिंतीला.

जिवल्याला हे सगळं कोणी समजावलं नाही. त्याने तिच्या हातातला पीळ पाहिला. मग सुरू असलेलं इंजिन पाहिलं. पाट्यांवरचे त्याचे हात त्याने हळूच उचलून मांडीवर घेतले, जणू ते हात पुन्हा कुठे ठेवायचे की नाही हा प्रश्न होता.

“मीच मारली व्हय गाडी?” तो म्हणाला. “शांताराम रोज खोलत होता... मी बगत होतो वरून.”

बायका खाली वाळूकडे बघू लागल्या.

“बाबा,” पुष्पलता म्हणाली, “तुमचा कापूस इमानी हाय. पाणी दिसलं की फुगायचं, एवढंच त्याला ठावं. त्याला कोणी सांगितलंच नाय, ही होडी नाय म्हणून.”

“होडीला मेली बंद ठेवायला लागते,” रत्नाबाई मध्येच म्हणाली, “नि हिला उघडी. म्हाताऱ्याचं काय चुकलं? पण आता तोंड बगत बसला तर मी बुडवीन तुमाला दोगांना. माजी पापलेटं हायत त्यावर. पाणी बगा कुटं आलं!”

दुसरा ओहळ खरंच वाढला होता.

म्हातारा उठला. खाली उतरला, आणि त्याच्या हातांना पुन्हा काम आठवलं. “दे हिकडं.” नाक मांडीवर आडवं घेऊन त्याने खालून बोटं घातली आणि एकेक पीळ ओढून काढला, जितक्या प्रेमाने ठोकला असेल तितक्याच. शेवटी नाक तोंडाला लावून जोरात फुंकलं. दुसऱ्या टोकाला वाकून बघणाऱ्या उषाच्या केसांची बट उडाली.

“मोकळं,” तो म्हणाला. “पण सांद्यातून पाणी येणार. बाहेरून गुंडाळायला कायतरी द्या. कापूस नको, काय पण, जे फुगत नाय ते.”

पाटीतलं पाणी अंगावर गळू नये म्हणून बायका पाठीवर प्लॅस्टिकचा कागद घेतात. रत्नाबाईने आपला सोडला. ती तो कधी कोणाला देत नसे. म्हाताऱ्याने नाकाभोवती तो घट्ट गुंडाळला, जाळ्याच्या दोरीने आवळला, गाठ मारली, ती गाठ मात्र होडीचीच, आणि नाक रबरात बसवून तार ओढली.

“आता जा,” तो म्हणाला. “मी चालत येतो. तेवढंच ओझं कमी.”

*

आणि मग ती निघाली, वाळूच्या पट्ट्यावरून, मूठ थोडी पिळून, मग अजून पिळून, गाल मुद्दाम फळीला टेकवून, कारण आता तिला फक्त तो सूं ऐकायचा होता, आणि सूं होता, जाड, भरलेला, न तुटणारा, ओहळाच्या काठावर आला तेव्हाही होता, पुढचं चाक पाण्यात उतरलं आणि पाणी दोन्ही बाजूंनी पंखासारखं उडालं, प्लॅस्टिकवर ताडताड आदळलं, तेव्हाही होता, मागच्या पाट्या एकमेकींवर रेलल्या आणि एक पापलेट सुटून तिच्या बैठकीमागे येऊन पडलं तेव्हाही, बायका लुगडी वर खोचून मांडीभर पाण्यातून शेजारी धावत होत्या, म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होता आणि ते रडणं नव्हतं, ओहळ संपला, कोरडी वाळू आली, रोज जिथे ती मरायची ती जागा आली, पुष्पलतेने श्वास धरला, गाडीने धरला नाही, ती जागा गेली, मागे पडली, सुरूची झाडं आली, रस्ता आला, रस्त्यावर बाजाराचा टेम्पो उभा होता आणि त्याच्या ड्रायव्हरने बिडी खाली टाकून विचारलं, हे काय आलं, आणि तिला उत्तर देता आलं नाही, कारण ती हसत होती, मान हलवून, दुखली तरी हलवून, पाट्या टेम्पोत चढल्या, सफाळं आलं, बाजार आला, आणि बाजारात, नेहमीच्या दोन जागांच्या मध्ये, पालथी पाटी होती.

तिथे ती थांबली.

रत्नाबाई मागून आली. उषा तिच्या मागे. तिघींनी त्या पाटीकडे पाहिलं.

“बगत काय बसलीस?” रत्नाबाई म्हणाली. “माजी पाटी हाय ती. दे हिकडं, मला लागते.”

पुष्पलतेने पाटी उचलून सुलटी केली आणि तिच्या हातात दिली. खाली जागा दिवाळीपासून कोरडी होती. काजळीने काळी झालेली चुंबळ तिने तिथे अंथरली, तिच्यावर बसली, आणि जरा सरकून डाव्या बाजूला हातभर जागा केली.

“उषा, बस गो. दोघी मावतो.”

रात्रपाळी सुटून सकाळच्या गाडीने शांताराम सफाळ्याला उतरला तेव्हा तो बाजारातून जाणार नव्हता. रोज जायचा; आज बाहेरून वळसा घालून सायकल घ्यायची असं त्याने ठरवलं होतं. पण वास आला, पाय वळले, आणि बोंबील निवडणारे दोन हात त्याला दिसले.

तो समोर उभा राहिला. डोळे तांबारलेले, हातात रिकामा डबा.

“जेट होता ना?” त्याने विचारलं. “मला रातभर वाटत होतं, जेटच.”

“कापूस,” ती म्हणाली.

“काय?”

“घरी सांगते. बसा.” तिने गिऱ्हाइकाला बोंबील बांधून दिले. मग खालच्या आवाजात म्हणाली, “आदी एक ऐका. घरी गेल्यावर बाबांना म्हणा, नाक मोठं करून द्या, दुसरी गाडी करायचीय. उषाला शिकायचीय.”

“दुसरी? गो, पण पहिली तरी...”

“पहिली चालते.”

शांताराम तिथेच, दोन पाट्यांच्या मध्ये, ओल्या फरशीवर बसला. रत्नाबाईने पाय आखडून घेतले. “ए फिटर,” ती म्हणाली, “बाजू हो. गिऱ्हाइकाला वारा लागू दे.”